सात चिंचोके आणि तालातलं अय्यो

मी माझ्या विद्यार्थ्यांना घरी वीस मिनिटांच्या वर वीणा वाजवू देत नाही, असा तंजावुरात माझ्यावर जुना आरोप आहे. आरोप खरा आहे. तो मी इथे लेखी कबूल करते, म्हणजे देवळाच्या मंडपात माझ्या पाठीमागे कुजबुजणाऱ्यांचा घसा तरी दुखणार नाही.

आमच्या गावात संगीत शिकलेल्या प्रत्येकाजवळ एक गोष्ट तयार असते. त्याचे गुरू म्हणे तिरुवैयारूला, पहाटे, कावेरीत गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून चार-चार तास सराव करायचे. असे गुरू मी आजवर इतके ऐकलेत की ते सगळे एकदम नदीत उतरले असते तर पाण्याला जागा उरली नसती आणि आमचा भात कोरडा पडला असता. त्यात वीणेचे गुरूही असतात. मी एकदा विचारलं, "वीणा तर मांडी घालून वाजवतात. बसल्यावर पाणी गळ्याशी आलं तर वीणा कुठे?" सांगणारा रागावून निघून गेला. मी अजून उत्तराची वाट पाहतेय. श्रोते मात्र कोण असतील ते कळलं. मासे.

माझा वीस मिनिटांचा कायदा पाण्यातून आला नाही. तो एका अकरा वर्षांच्या मुलीच्या घरच्या ओट्यावर बसल्यावर सुचला, केबलची तार आमच्या गल्लीत पहिल्यांदा आली त्या वर्षी.

गल्ली राजवाड्यामागची. तिथे मराठी बोलणारी घरं पुष्कळ, मराठी वाचणारे मोजके, आणि मराठीत भांडणारे सगळेच. ती मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्याकडे शिकायला यायची. वडील ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळी परत. माणूस सरळ, पण नियमाचा इतका भोक्ता की घरात मीठ कमी पडलं तरी आधी अर्ज मागतील असं वाटायचं.

गणपती झाले आणि एका शुक्रवारी ते मुलीबरोबर माझ्या दारात उभे राहिले. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले.

"टीचर, हिला वीणा येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय की नाही?"

"आत तर या, अण्णा."

"रोज दोन तास बसवतो मी हिला. समोर घड्याळ ठेवून. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. दीड वर्ष झालं. तरी एक वर्णम धड पुरं होत नाही. माझा धाकटा भाऊ मद्रासहून येतोय नवरात्रात. त्याची मुलगी शिकतेय तिथे, तिला वीणा हवीय. मी सांगून टाकलंय. विजयादशमीला संध्याकाळी पाहुण्यांसमोर ही वर्णम वाजवेल. एकदाही न थांबता वाजवलं तर वीणा इथे. थांबली, तर वीणा भावाबरोबर त्याच गाडीनं मद्रासला, आणि ही दुसऱ्या दिवसापासून कम्प्यूटर क्लासला. सगळी मुलं जाताहेत."

वर्णम म्हणजे आमच्याकडची कसोटीची रचना. चांगली वाजली तर दहा मिनिटं, वाईट वाजली तर आयुष्यभर पुरते.

मुलगी वडिलांच्या मागे उभी होती. डाव्या हाताची दोन बोटं परकराच्या घडीत लपवून. त्या बोटांवर तारेच्या काळ्या रेघा पडलेल्या होत्या, शाई भरल्यासारख्या. टंगळमंगळ करणाऱ्या मुलीच्या बोटांवर अशा रेघा पडत नाहीत. वडील पायऱ्या उतरल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "टीचरक्का, कम्प्यूटरला ही बोटं लागतात?"

मी म्हटलं, "तुझी नाही लागणार. तू वीणेलाच ठेव."

बोलून तर गेले, पण मला खरंच कळत नव्हतं. माझ्यासमोर ती ओळ-ओळ नीट वाजवायची. घरी रोज दोन तास. मग वर्णम पुरं का होत नाही? तेव्हा मी जे केलं ते कुठल्याच विद्वानानं केलेलं नाही, कारण त्यासाठी नदीत नाही, लोकांच्या ओट्यावर बसावं लागतं. सोमवारी संध्याकाळी मी कढीपत्ता मागायच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेले आणि आत न जाता ओट्यावरच टेकले. शेजारच्या मामी तिथे मोगरा ओवत बसल्या होत्या.

आधी आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग कपाट हलल्याचा. मग वडिलांचा, "सरक, सरक, डोक्यावर पडेल." मामींनी समजावलं, "वीणा कपाटावर असते. चादरीत गुंडाळून. खाली काढायला तेच लागतात. ते आल्याशिवाय काही नाही." हॉलमधली चांगली जागा नव्या रंगीत टीव्हीनं घेतली होती. त्याला भरतकाम केलेलं झाकण होतं. देवालासुद्धा नव्हतं.

मग घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज, आणि वर्णम सुरू.

काय सुंदर सुरुवात! मी ओट्यावर ताठ झाले. पहिला भाग गेला, दुसरा गेला, चरणाची ओळ आली. त्यात एक जागा आहे, तार बाजूला ओढून एकाच पडद्यावर दोन स्वर चढायचे. तिथे पोचण्याआधीच मामींनी सुई थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं.

आतून तार घसरली. मुलगी म्हणाली, "अय्यो."

मामीही म्हणाल्या, "अय्यो." समोरच्या घरातून आजोबा म्हणाले, "अय्यो." भाजीची गाडी ढकलत चाललेला माणूस तमिळ, वीणेशी त्याचा काही संबंध नाही, तोही म्हणाला, "अय्यो," आणि पुढे गेला. आणि देवाशपथ सांगते, चौघांचंही तालात पडलं. बरोबर समेवर.

मग मुलीनं वर्णम पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा सुंदर सुरुवात. पुन्हा चरण. पुन्हा घसरण. पुन्हा अय्यो. दोन तासांत हे अठरा वेळा झालं. पुढची अर्धी रचना तिनं एकदाही वाजवली नाही. वेळ संपली की घड्याळ कोकलायचं आणि वीणा चादरीत, कपाटावर.

मी मनात म्हटलं, अगं बाई, हिनं तर मन लावून सराव केलाय. चुकीचा. दीड वर्ष, रोज अठरा वेळा. सुरुवात तिला येतच होती, ती आणखी घोटली. आणि ही चूक इतकी पक्की पाठ केलीय की झोपेतून उठवलं तरी चुकणार नाही. नुसती तिची नव्हे. सगळ्या गल्लीची पाठ झाली होती.

कढीपत्ता राहिला बाजूला. मी आत शिरले.

"अण्णा, उद्यापासून वीणा कपाटावर जाणार नाही."

"मग कुठे?"

"खाली. चटईवर. स्वयंपाकघराच्या बाहेर, त्या कोपऱ्यात. तिला स्वतःला उचलायला न लागता बसता आलं पाहिजे. शाळेतून आली, हात धुतले, बसली."

"धूळ बसेल."

"पुसेल. आता धूळ कपाटावर बसते आणि वीणेची चादर ती गोळा करते. दुसरं, घड्याळ बंद. तिसरं, पहिल्यापासून वाजवायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कचेरीत उलट्या धरलेल्या कागदावर सही करायला सांगितली. "पहिल्यापासून वाजवायचं नाही? मग कुठून?"

"जिथे अय्यो आहे तिथून."

फळीवर पल्लांगुळीचा पाट होता. आमच्याकडे घरोघरी असतो, दोन रांगांत सात-सात खळगे, बायका दुपारी त्यात चिंचोके टाकून खेळतात. तो मी खाली घेतला, खालच्या रांगेच्या प्रत्येक खळग्यात एक चिंचोका ठेवला आणि मुलीला म्हटलं, "फक्त ती घसरायची जागा. त्याच्या आधीचे चार स्वर, नंतरचे चार. गोगलगाईच्या चालीनं. बरोबर आलं की एक चिंचोका वरच्या खळग्यात. चुकलं की एक परत खाली. सातही वर गेले की झालं. मग पुढची ओळ. अय्यो म्हणायचं नाही. वीस मिनिटं झाली की उठायचं, मनात वाजवत राहिलं तर हरकत नाही."

वडील हसले. मोठ्यानं नाही, कचेरीत हसतात तसं. "टीचर, हे संगीत की पोरींचा खेळ?"

"आहेच खेळ. म्हणून तर उद्या ती स्वतःहून बसेल."

"तिरुवैयारूला आमच्या आजोबांचे गुरू कावेरीत गळ्याइतक्या—"

"अण्णा, तुमच्या घरी नळाला एक तास पाणी येतं. गळ्याइतकं कुठून आणू?"

आतून वैनी, म्हणजे मुलीची आई, फस्सकन हसली आणि लगेच भांडी वाजवायला लागली.

"पण दोन तास?" ते ऐकेनात. "दोन तासांचं काय? मी भावाला सांगितलंय रोज दोन तास."

"ठेवा की दोन तास. वीस मिनिटं तिनं वाजवायचं. उरलेली शंभर मिनिटं तुम्ही तिला टोकायचं नाही. तोही सरावच, तुमचा. तुम्हाला जास्त गरज आहे."

दुसरा कुणी असता तर त्यानं मला ओट्यावरून खाली काढलं असतं. हे नियमाचे. त्यांना समोर ठेवलेला पाट, सात खळगे, सात चिंचोके दिसत होते आणि त्यांचा हात शिवशिवत होता. म्हणाले, "चिंचोका बरोबर हलवला की नाही, हे कोण पाहणार?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहा."

ही माझी चूक. चुका फक्त विद्यार्थीच करतात असं नाही.

आठ दिवस झकास गेले. मुलगी शाळेतून यायची, गणवेश न बदलता कोपऱ्यात बसायची. आई समोर नारळ खवत ऐकायची. मंगळवारी तिनं मला ती जागा वाजवून दाखवली आणि मी गोगलगाईला ससा केलं. मग शुक्रवारी आली ती डोळे सुजवून.

"अप्पांनी नवीन नियम काढला. एक चुकलं की सातही खाली. म्हणतात, एक खाली म्हणजे फार सूट. सहापर्यंत जाते टीचरक्का, मग सातव्याला घाई होते, मग सगळे खाली. काल एकदाही सात झाले नाहीत. वीस मिनिटं झाली तर म्हणाले, सात झाल्याशिवाय उठायचं नाही."

माझं डोकं असं तापलं की त्यावर डोसा पडला असता. तिथल्या तिथे निघणार होते, त्यांच्या बसच्या थांब्यावर जाऊन सगळ्या ओरत्तनाडूसमोर विचारणार होते. पण मुलीकडे पाहिलं आणि थांबले. हे भांडण माझं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं, "नियम चांगला की वाईट, हे पाळणाऱ्याला कळतं, करणाऱ्याला नाही."

तिनं नाक पुसलं. पुढचं मला वैनीनं सांगितलं आणि वैनी माझ्यासारखी वाढवून सांगत नाही, म्हणून जसंच्या तसं देते.

त्या संध्याकाळी पाचव्या चिंचोक्याला तार घसरली. वडिलांनी पाटाकडे हात नेला. मुलीनं पाट उचलून पोटाशी धरला.

"अप्पा, तुम्ही वाजवा."

"मी?"

"तुम्ही. नुसतं सा. एक तार, एक बोट. सात वेळा एकसारखं. चुकलं की सगळे खाली."

"मला कुठे येतं?"

"मला तरी कुठे येतं? म्हणून तर बसलेय."

वैनी म्हणते, ते उठून जातील असं तिला वाटलं. पण नियम त्यांचाच होता आणि नियमासमोर ते असहाय. शर्टाच्या बाह्या वर करून बसले. पहिला सा बरा आला. दुसऱ्याला तारेनं झणकारा मारला. मुलगी शांतपणे म्हणाली, "सगळे खाली." पुन्हा बसले. तीनपर्यंत गेले, हाताला घाम आला. "सगळे खाली." बोटाला तार चावली. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच पाट सरळ केला आणि म्हणाले, "एकच खाली. पोदुम." म्हणजे बस झालं. आणि बोट तोंडात घालून ते केबलसमोर जाऊन बसले. टीव्ही मात्र लावला नाही.

तिथून पुढे आमची वर्णमची बैलगाडी उतारावर लागली. अय्योची जागा गेली, पुढच्या दोन ओळी नव्यानं बसल्या. आणि आली नवमी, सरस्वतीपूजा. त्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं आणि वाद्यं देवीसमोर मांडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. वडिलांना आदल्या संध्याकाळी हे आठवलं आणि ते माझ्याकडे धावत आले.

"टीचर, परीक्षेच्या आदल्या दिवशी सुट्टी! वीणा पूजेत न ठेवली तर? देवीजवळ एक वीणा आहेच की स्वतःची."

इतका नियमाचा माणूस, आणि देवीला गाळायला निघाला! मी म्हटलं, "अण्णा, एक दिवस हात न लावल्यानं जे जाईल ते आलेलंच नव्हतं." नवमीला मुलगी लाटणं मांडीवर घेऊन बसली, तोंडानं स्वर म्हणत लाटण्यावर बोटं चालवत. वडील समोर चिंचोके हलवत. पोळ्या उशिरा झाल्या.

विजयादशमीच्या संध्याकाळी मी गेले तेव्हा हॉल भरला होता. टीव्ही भिंतीकडे तोंड करून उभा, त्याच्या जागी कोलू, म्हणजे बाहुल्यांच्या पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर वाणी आणि वाणीण, त्यांच्यापुढे धान्याचे इवले ढीग, आणि एका ढिगात आमचे चिंचोके, शेजारी पाट. वैनीनंच मांडले होते. मद्रासचा काका दाराजवळच्या खुर्चीत, पायाशी वीणेसाठी आणलेली नवी रेक्झिनची खोळ. मामी होत्या, समोरचे आजोबा होते, गल्लीतल्या सगळ्या बायका कागदात सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, घेऊन बसल्या होत्या.

मुलीनं सुरू केलं. पहिला भाग. दुसरा. चरण आलं. मी श्वास धरला. वडील उभे, पाठीमागे हात, ते चिंचोके मोजत असावेत असं बोटांवरून दिसत होतं. ती जागा आली, तिनं तार ओढली, आणि दोन्ही स्वर असे गोल चढले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि त्याच क्षणी सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "अय्यो."

समेवर. मामी, आजोबा, बारा बायका. कुणी मुद्दाम नाही हो. दीड वर्ष त्यांनीही सराव केला होता आणि त्यांना कुणी चिंचोके दिले नव्हते.

मुलगी दचकली. बोट पुढच्या पडद्यावरून सटकलं. एक बेसूर झंकार.

थांबली होती. एकदाही न थांबता, असं ठरलं होतं. काकानं खोळीची चेन थोडी उघडली. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

महिन्यापूर्वीची मुलगी पहिल्यापासून सुरू करती. या मुलीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मान ताठ केली आणि म्हणाली, "ही जागा कच्ची आहे. मी पक्की करते." आणि भर सभेत, गोगलगाईच्या चालीनं, चार स्वर आधी, चार नंतर, वाजवायला लागली.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. काका उठला. "अण्णा, गाडीची वेळ..."

वडील कोलूपाशी वाकले. वाण्याच्या ढिगातून सात चिंचोके उचलले, पाट खाली घेतला, मुलीसमोर मांडला आणि स्वतः मांडी घालून बसले. पहिला वर गेला. दुसरा. तिसऱ्याला घसरली, त्यांनी एक खाली घेतला. एकच. पुन्हा दुसरा. तिसरा. चौथा.

"अण्णा," काका म्हणाला, "थांबली ना ती? तुमचाच शब्द."

"बस खाली," वडील मान वर न करता म्हणाले. "अजून तीन राहिलेत."

"पण शब्द—"

"थांबली कुठे? वाजवतेय की. तुला ऐकू येत नाही? आणि अय्यो कोण म्हणालं? तुम्ही सगळे थांबलात. ती नाही."

हॉलमध्ये सुंडल चावायचासुद्धा आवाज बंद. पाच. सहा. सातवा वर गेला तेव्हा मामींनी हात जोडले. मग मुलीनं चरणापासून शेवटपर्यंत वर्णम नेलं, आणि शेवटचा स्वर संपल्यावर एवढा वेळ धरलेला श्वास सगळ्या गल्लीनं सोडला. कोलूवरच्या समया विझल्या. सगळ्या. बरं, एक.

काका खोळ घेऊन वीणेजवळ आला. वडील काही बोलायच्या आत मुलीनं वीणेच्या भोपळ्यावर हात ठेवला. तोच, रेघांची बोटं असलेला. दुसऱ्या हातानं पाटातले सात चिंचोके गोळा केले, सुंडलाच्या कागदात बांधले आणि काकापुढे धरले.

"काका, हे तिला द्या. मद्रासला वीणा पाहिजे तेवढ्या मिळतात म्हणे. हे मिळणार नाहीत."

काकानं भावाकडे पाहिलं. वडील वाणी-वाणिणीच्या ढिगातून आणखी सात चिंचोके वेचून पाटात ठेवत होते, खालच्या रांगेत, एका खळग्यात एक. "पुढच्या ओळीला लागतील," ते कुणाला तरी म्हणाले. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "वीस मिनिटं कधीच झाली. ऊठ आता."